भंगार राणीचा सोफा

सॅल्फर्ड,
९ जानेवारी २०२४

प्रिय लोरेन,

पाकिटामागचं नाव वाचून तू "हा कोण मेला?" म्हणाली असशील. मी नेव्हिल हॅस्लम. नाही लागत ओळख? लागणार कशी, त्या दिवशी माझं नाव कुणी विचारलंच नव्हतं. 'भंगार राणी' सिनेमाच्या शेवटी तू, म्हणजे मेरी, रस्त्याच्या मधोमध सोफ्यावर बसलेली असतेस, डोक्यावर कस्टर्डच्या डब्याचा मुकुट, आणि समोरून पिवळा बुलडोझर येतो. त्या बुलडोझरच्या काचेमागे एक टोपी दिसते. ती टोपी म्हणजे मी.

तुझा पत्ता कुणी फोडला नाही. माझी बायको पॉलीन टपालानं लोकर मागवते. परवा व्हिटबीहून पुडकं आलं, त्यावर आमचं आडनाव हातानं लिहिलेलं. अक्षर बघितलं आणि हातातला चहा सांडला. अठ्ठ्याहत्तर साली तुम्हा पंकवाल्या बंडखोर पोरापोरींसाठी तू हातानं रंगवलेली पोस्टरं ज्या भिंतींवर असायची, त्या भिंती पाडायचं काम माझ्याकडे होतं. मी आधी पोस्टर वाचायचो, मग भिंत पाडायचो. ते अक्षर मी विसरेन होय?

आता मुद्दा. आमच्या इथल्या जुन्या गिरणीत एक नाट्यगृह आहे आणि एप्रिलमध्ये तिथं 'भंगार राणी'चं नाटक होतंय. मी राडारोडा भरायच्या मोठ्या लोखंडी पेट्या भाड्यानं देतो. नेपथ्याला खऱ्या विटा हव्यात, त्या माझ्याकडे, म्हणून मला समितीवर घेतलंय. दिग्दर्शिका आहे इमोजेन, वय तिशीच्या आत, दक्षिणेकडची. पोरगी हुशार आहे. पण तिला शेवट बदलायचाय. तिच्या नाटकात बुलडोझर आला की मेरी उठते आणि ताठ मानेनं चालू लागते.

हे ती बैठकीत बोलली आणि डग्गी विंटरबॉटमच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. डग्गी म्हणजे आमच्यातला सगळ्यात निष्ठावंत भक्त. बस चालवायचा, आता निवृत्त. डोक्यावर जेवढे केस उरलेत तेवढे हिरवे.

तो म्हणाला, "बाई, मी तिला शेहेचाळीस वर्षं ऊठ म्हणतोय. ती उठली तर मी करू काय?"

तुला हे ठाऊक नसेल. दर ऑगस्टमध्ये इथल्या क्लबात आम्ही तो सिनेमा लावतो. दुपारी, कारण आता सगळ्यांना संध्याकाळी गोळ्या घ्यायच्या असतात. तू सोफ्यावर बसलीस की सगळा हॉल पाय आपटून ओरडतो, "ऊठ, मेरी! ऊठ!" आणि तू काही उठत नाहीस. मग टाळ्या. पोरांची लग्नं झाली, नातवंडं आली, पण ऑगस्टातली ही आरोळी चुकली नाही.

म्हणून तुलाच विचारतो. तू का उठली नाहीस? सिनेमाच्या पटकथेत तर उठायचं होतं. दिग्दर्शक कॉनरॅड पाईक देवाघरी गेला, नाहीतर त्याला विचारलं असतं. तू एक ओळ लिहिलीस तर इमोजेन ऐकेल.

तुझा,
नेव्ह (टोपी)

•

व्हिटबी,
१७ जानेवारी

श्री. नेव्हिल हॅस्लम यांस,

पहिल्याच पत्रात तुम्ही मला अगं-तुगं केलंत. बुलडोझर चालवणाऱ्या माणसाकडून दार वाजवायची अपेक्षा चूकच म्हणा.

तुमच्या पत्नीची हिरवी लोकर पुढच्या आठवड्यात पाठवते. रंग डग्गी यांच्या केसांशी जुळतो का ते मला माहीत नाही.

सिनेमाबद्दल मी इतक्या वर्षांत कुणाशी बोललेले नाही. तो पाहिलाही नाही. पहिल्या खेळालाच मध्येच उठून आले. इथं मला सगळे लोकरवाली लोरेन म्हणून ओळखतात आणि तसंच राहू दे. घरात मोबाईल नाही, दुकानातला फोन मी मुद्दाम उचलत नाही. तेव्हा तुमच्या इमोजेनना माझा शोध घेऊ नका म्हणावं.

तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. मी उठले नाही, कारण त्या वर्षी ह्या देशात कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

झालं समाधान?

लो. ऑर्मरॉड

•

सॅल्फर्ड,
२ फेब्रुवारी

प्रिय लोरेन,

समाधान? अगं, तू इथं भूकंप केलास.

मी तुझं ते वाक्य बैठकीत वाचून दाखवलं. इमोजेन उभी होती ती खाली बसली. म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं पोरीला घेरी आली, पॉलीननं पाणी आणलं. तर म्हणते कशी, "नेव्हिल, मी किती उथळ विचार करत होते!"

थोडक्यात, शेवट बदलायचा नाही. मेरी बसूनच राहणार. तुझं वाक्य कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, काळ्यावर गुलाबी. छापायला गेलंसुद्धा. डग्गीनं त्याचं शर्टावर छापून घ्यायचं ठरवलंय. पण पोट मोठं, वाक्य लांब, ते बाजूनं वळून पाठीवर जातंय.

आणि आणखी एक. आता इमोजेनला तू हवीस. मेरीचं काम टिल्ली नावाची पोरगी करते, चांगली करते. पण पहिल्या प्रयोगाला शेवटच्या दृश्यात दिवे जाणार आणि परत येतील तेव्हा सोफ्यावर तू. आजची मेरी. बोलायचं काही नाही. फक्त तसं बघायचं, तेव्हा बघितलंस तसं.

नाही म्हणण्याआधी माझं ऐक. हे मी पॉलीन सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

तू उठायचीस, मुकुट फेकायचीस, चालू लागायचीस आणि मग मी तो सोफा चिरडायचा, असं ठरलं होतं. मी एकवीस वर्षांचा. मुकादम खाली उभा राहून हात हलवत होता, "चल, चल, थांबू नको!" मी पुढं आलो. तू उठेनास. भोंगा वाजवला. तू उठेनास. आणि तू माझ्याकडे बघितलंस. लोरेन, माझ्याकडे आजवर कुणी तसं बघितलेलं नाही, पॉलीननं लग्नातसुद्धा नाही. मी विचार केला, हिच्या मागं जी घरं पडलीत ती मीच पाडली. आमच्या मावशीचंही त्यातच. ही एवढीशी पोरगी हलत नाही, आणि मी मात्र मुकादमानं हात हलवला की हलतो.

मी दांडा ओढला. थांबलो. मुकादमानं आईबहीण काढली. संध्याकाळी त्याला सांगून टाकलं, उद्यापासून येत नाही. एक मोडकी लॉरी घेतली आणि लोकांचा राडारोडा न्यायला लागलो. पाडायचं सोडलं, उचलायला लागलो. आज जे काही आहे, लॉऱ्या, त्या लावायचं अंगण, पोरीचं शिक्षण, ते सगळं तू सोफ्यावरून हलली नाहीस म्हणून आहे.

एवढ्या वर्षांनी एकदा तुला 'थँक यू' म्हणायचंय, तोंडावर. ये.

नेव्ह

•

व्हिटबी,
८ फेब्रुवारी

नेव्ह,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि खालच्या धक्क्यावर जाऊन बसले. समुद्रपक्ष्यानं हातातली चिप्स पळवली, तरी मी हलले नाही. हलणं हा माझा प्रांतच नाही असं दिसतंय.

अरे बाबा, तू हे आधी लिहिलं असतंस तर मी ते वाक्य लिहिलं नसतं. ते मी टोस्ट खाता खाता लिहिलं. तुला गप्प करायचं होतं, बस. आणि आता ते काळ्यावर गुलाबी!

ऐक. एकट्यानं वाच आणि पत्र जाळून टाक.

माझी पँट काळ्या रेक्झिनची होती. दुकानातली नव्हे, आम्हीच शिवलेली, शिवण कच्ची. त्या सकाळी ती मागून फाटली. कपडे बघणारी मॉयरा म्हणाली, "थांब," आणि आतून ठिगळ लावलं. सुईदोरा सापडेना म्हणून कार्पेट चिकटवायचं सोल्युशन लावलं, भरपूर, थेट बाहेर ओघळेपर्यंत. वर बजावलं, "तासभर बसू नकोस."

त्या दिवशी सॅल्फर्डमध्ये ऊन होतं. तुला आठवत असेल, वर्षभरात पडलेलं तेवढंच. सोफाही रेक्झिनचा. कॉनरॅड ओरडला, "बस, बस, ऊन जाईल!" मी बसले.

चिकटले, नेव्ह.

तू आलास. मी उठायला गेले. पँट येईना. आणखी जोर केला असता तर मी उठले असते आणि पँट सोफ्यावर राहिली असती. आणि आत मी काही घातलेलं नव्हतं. तत्त्व होतं ना आमचं! अख्खी गल्ली बघायला जमलेली, माझी आई दुसऱ्या रांगेत, शेजारी चर्चमधल्या दोघी. मी तुझ्याकडे बघितलं ते "आता काय करू?" म्हणून. त्या नजरेत दुसरं काहीही नव्हतं. ना देश, ना बंड. निव्वळ पँट.

कॉनरॅड रडत आला, गळ्यात पडला, "लोरेन, हे तुला सुचलं कसं?" मी काय सांगणार? सगळे जेवायला गेल्यावर मॉयरानं मला कात्रीनं सोडवलं. ती मागंच वारली. आता हे माहीत असलेली मी एकटीच.

मग वर्तमानपत्रांत त्या नजरेवर लेख आले. मला तीन कामं आली आणि तिन्हीकडे एकच मागणी, "तसंच बघ." मी आरशासमोर तासन् तास उभी राहिले. नाही येत, नेव्ह. कारण ते मी केलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला अभिनय एका डब्यातल्या सोल्युशननं केला. लोक शाबासकी द्यायचे आणि मला चोरी पकडल्यासारखं व्हायचं. म्हणून इथं मावशीच्या लोकरीच्या दुकानात आले ती आलेच.

आणि आता तू सांगतोस की तू त्या नजरेवर आयुष्य उभं केलंस. मी तिथं येऊन पुन्हा तसंच बघू म्हणतोस? कुठल्या तोंडानं?

इमोजेनला सांग, लोरेन आजारी आहे. कुणाला सांगू नकोस.

लोरेन

•

व्हिटबी,
२९ फेब्रुवारी

नेव्ह,

तुझं उत्तर नाही. पॉलीनच्या लोकरीची पोच आली, तीही पॉलीनच्या अक्षरात.

रागावला असशील तर रागाव, पण तसं कळव तरी. रोज पोस्टमनकडे मी ज्या नजरेनं बघते, ती कॉनरॅडनं बघितली असती तर आणखी एक सिनेमा काढला असता.

लोरेन

•

सॅल्फर्ड,
४ मार्च

प्रिय लोरेन,

रागावलो होतो. खोटं कशाला सांगू?

तुझं पत्र वाचलं आणि अंगणात जाऊन लॉऱ्यांकडे बघत राहिलो. सगळ्यांच्या बाजूला 'हॅस्लम' लिहिलंय, झोकदार. मला वाटलं तिथं 'सोल्युशन' लिहायला हवं होतं. पॉलीनला वाटलं माझी साखर वाढली. दोन रविवार मी क्लबात गेलो नाही. डग्गी घरी आला, म्हणाला, "काय रे, धर्म बदललास की काय?"

मग परवा एक नवा पोरगा लॉरी मागं घेत होता. अंगणात आमचं मांजर झोपलेलं असतं, म्हातारं, बहिरं. उठेना. पोरानं भोंगा वाजवला. मांजर ढिम्म. पोरगा थांबला, खाली उतरला, मांजराला उचलून बाजूला ठेवलं. मी खिडकीतून बघत होतो. आणि माझ्या टाळक्यात एकदम उजेड पडला.

मांजर थोर नव्हतं, लोरेन. पोरगा थांबला.

तू चिकटली होतीस, मी नव्हतो. दांडा माझ्या हातात होता. मुकादम ओरडत होता, पुढं चल म्हणत होते सगळे. थांबलो मी. इतकी वर्षं मी ते तुझ्या खात्यावर टाकत आलो आणि स्वतःला विचारलंच नाही की बुलडोझर थांबवला कुणी. उगाच भाव खात नाही, पण त्या दिवशी त्या गल्लीत कुणी काही ठरवून केलं असेल, तर ते टोपीनं केलं.

तेव्हा तुझ्यावरचं ओझं उतरव. तू मला फसवलं नाहीस. आणि रडायचं की हसायचं हे ठरवताना मी शेवटी इतका हसलो की पॉलीननं खरंच डॉक्टरला फोन लावला. चर्चमधल्या दोघी! आई दुसऱ्या रांगेत!

पत्र जाळलेलं नाही, पण कुलपात आहे. कुणाला सांगायचं, नाही सांगायचं, ते तू ठरव. इमोजेनला तू आजारी असल्याचं सांगितलं. तिनं तुझ्यासाठी आल्याचा चहा पाठवलाय. पोरगी मनानं चांगली आहे.

नेव्ह

ता. क. नजर जमत नाही म्हणतेस. अगं, आता तू सहासष्ट वर्षांची आहेस. तुला 'असं बघ' सांगायची मुळात कुणाची हिंमत आहे का?

•

व्हिटबी,
१५ मार्च

नेव्ह,

मांजरावरून आजवर माझी कुणी अशी समजूत घातलेली नाही.

मी येते. फक्त पहिल्या प्रयोगाला. अटी अशा: माझ्या नावाचा आधी गाजावाजा नको, फुलं नकोत, आणि सोफा तपकिरी रेक्झिनचाच हवा. इमोजेनना म्हणावं, मखमलीवर मी बसणार नाही. सोफ्याचं वरचं कापड खिळ्यांनी ठोकू नका म्हणावं, नुसतं अडकवा.

आणि तुझ्याकडे एक काम. दुकानातलं कार्पेट कोपऱ्यात सुटलंय. इथं सगळीकडे ते नवं, पांढरं, पाण्याचं सोल्युशन मिळतं. मला जुनं हवं, तपकिरी, नाकात जाणारं. तुझ्या भंगारात एखादा बंद डबा असेल तर नाट्यगृहावरच आणून ठेव. मी परत जाताना घेऊन जाईन.

लोरेन

•

सॅल्फर्ड,
२२ मार्च

प्रिय लोरेन,

डबा मिळाला. एका बंद पडलेल्या दुकानाचा माल उचलला त्यात निघाला, सील न फोडलेला. रंगपटात तुझ्या नावानं ठेवलाय. एका कोपऱ्यासाठी एवढं सोल्युशन म्हणजे तुझं दुकान पुढच्या वादळात उडालं तरी कार्पेट जागेवर राहील.

रेक्झिनवरून इमोजेन म्हणाली, "नेव्हिल, ह्या कलावंतांचं बघा, स्पर्शाची आठवणसुद्धा किती खोल असते!" मी म्हटलं, "हो, फार खोल." आणि खोकला काढला.

काल तालमीत टिल्लीला सोफ्यावर बसवून बुलडोझरचा आवाज लावला. आवाज माझाच. म्हणजे भोंगा मी मिळवून दिला, अगदी त्या वेळचा. तो वाजला आणि माझा उजवा हात आपोआप मागं गेला.

पॉलीन पाई करणार आहे, आत मटण आणि बटाटा भरून भट्टीत भाजलेली. उपाशी ये.

नेव्ह

•

सॅल्फर्ड,
२१ एप्रिल

लोरेन,

बाई, तू आहेस तरी कोण! पडदा पडला आणि तू मागच्या दारानं पसार. सकाळी हॉटेलवर गेलो तर पहिल्या गाडीनं गेलेली. पॉलीनची पाई तशीच पडलीय.

तू पळालीस ते घाबरून, हे मला कळतंय. तुझ्या डोळ्यांवर दिवे होते, तुला हॉल दिसला नसणार. म्हणून तिथं काय झालं ते मी सांगतो. शांतपणे बसून वाच.

सगळे आले होते. चामडी जाकिटं होती, चेन कुणाचीच लागत नव्हती. एकीनं कानाच्या यंत्राला सेफ्टी पिना लावल्या होत्या. डग्गी तुझं वाक्य पोटावर घेऊन माझ्या शेजारी. दिवे गेले, आले, आणि सोफ्यावर तू. मुकुट डोक्यावर. आणि मग आमच्या सहाव्या रांगेपर्यंत तो वास आला. मी लगेच ओळखला. मनात म्हटलं, हे दुकानातलं कार्पेट नव्हे!

भोंगा वाजला. हॉल पेटला. "ऊठ, मेरी! ऊठ!" पाय आपटतायत, म्हातारी माणसं, नवे गुडघे. तू ढिम्म. तसंच बघत. डग्गी रडायला लागला, "बघ, बघ, तीच नजर!" इमोजेन बाजूच्या वाटेत हात जोडून उभी.

आणि तू हात वर केलास.

"शेहेचाळीस वर्षं ओरडताय, ऊठ ऊठ," तू म्हणालीस. "अरे मेल्यांनो, चिकटले होते मी!"

आणि उठलीस. तो आवाज! दुकानदार ताग्यावरून कापड फाडतो तसा. सोफ्याचं कापड तुझ्याबरोबर आलं, मग ते परत गेलं आणि पँटचा मागचा भाग घेऊन गेलं. तू वळलीस आणि आत ती लाल लोकरीची चड्डी, त्यावर मधोमध विणलेला पिवळा मुकुट. तू वाकून नमस्कार केलास, हॉलकडे पाठ करून.

तू म्हणालीस, "तेव्हा आत काही नव्हतं. म्हणून बसून राहिले."

आता ऐक. एक क्षण कुणी हललं नाही. त्या क्षणाला तू घाबरलीस, मला दिसलं. तुला वाटलं, ह्यांचं दैवत मी फोडलं. पण डग्गी पोटावरचं वाक्य बघत होता. त्यानं ते सगळं वाचलं, पाठीकडचं मला वाचायला लावलं, आणि मग त्याच्यातून जो आवाज निघाला तो मी बसच्या ब्रेकचासुद्धा ऐकलेला नाही. हसत हसत तो खुर्चीवरून घसरला. मग सगळा हॉल. लोक एकमेकांना धरून हसत होते. मागच्या रांगेतला एक ओरडला, "अगं, मी त्या नजरेवर घटस्फोट घेतला!" आणि त्याच्या शेजारची ओरडली, "आणि बरं झालं!"

लोरेन, ते हसू तुझं होतं. ते सोल्युशननं केलेलं नव्हतं. तू तो डबा मागवलास, कापड सैल ठेवायला लावलंस, चड्डी विणलीस, नेमक्या क्षणाची वाट बघितलीस आणि वळायचं कधी ते ठरवलंस. ह्याला अभिनय म्हणतात, बाई.

आणि मग तू जे केलंस, त्याबद्दल तुला माफी नाही. कपाळावर हात धरून हॉलभर शोधलंस आणि म्हणालीस, "मी नुसती चिकटले. थांबला तो बुलडोझरवाला. तो थांबला नसता तर ओरडायला मेरी उरली नसती. कुठंय तो टोपीवाला? ऊठ, नेव्ह!"

सगळे वळले. साडेतीनशे माणसं. "ऊठ, नेव्ह! ऊठ!"

माझ्या खुर्चीला कुणी काही लावलेलं नव्हतं. तरी उठता येईना. बायको म्हणते मी तुझ्याकडे अगदी तसंच बघत होतो. शेवटी डग्गीनं आणि पॉलीननं एकेक काख धरली.

बाहेर इमोजेन पायरीवर बसलेली. "नेव्हिल, तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "फेब्रुवारीपासून." ती म्हणाली, "मग माझ्या पत्रिकेचं काय? पहिलं पान?" मी म्हटलं, "असू दे. वाक्य चांगलं आहे." ती कार्यक्रमपत्रिकेत तोंड खुपसून हसायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी ती उठलीच की. मी म्हणत होते तशी." पोरगी कच्ची नाही.

पण खरी बातमी दुसऱ्या दिवसाची. काल तू नव्हतीस. सोफ्यावर टिल्ली, पँट तिची, सगळं मूळ ठरल्याप्रमाणे. भोंगा वाजला. मी कान टवकारले, आता हे लोक काय करतात? आणि कुणी कुणाला न सांगता, आधी डग्गी, मग रांग, मग अख्खा हॉल, अगदी हळुवार, आजारी माणसाला सांगावं तसं:

"हळू ऊठ, मेरी! हळू!"

टिल्ली बिचारी हळूच उठली. मागं हात फिरवून बघितला. टाळ्या थांबेनात.

शनिवारी शेवटचा प्रयोग. टिल्ली म्हणते, सोफा तुझा आहे. डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

नेव्ह

•

व्हिटबी,
२४ एप्रिल

नेव्ह,

पत्र दुकानातच वाचलं, उभ्यानं, दोन गिऱ्हाइकं समोर ताटकळत. एकीनं विचारलं, "सगळं ठीक ना, लोरेन?" मी तिला म्हटलं, मी पूर्वी सिनेमात होते. ती म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे गं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू बोलत नव्हतीस म्हणून आम्हीही बोललो नाही." मग तिनं लाल लोकर मागितली, म्हणजे चड्डीची बातमीही इथं पोचलेली. वर विचारते, मुकुटाचा नमुना मिळेल का?

आणखी दोन विणल्यात. एक टिल्लीसाठी. दुसरी मोठ्या मापाची आहे. डग्गींना द्यायची की तुला, ते पॉलीन ठरवेल. पाई ताजी कर म्हणावं.

काल दुपारी गल्ल्यामागच्या खुर्चीवरून उठले आणि मागून कुणी काही ओरडलं नाही. दुकान रिकामंच होतं, कोण ओरडणार? तरी मी क्षणभर थांबले.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते.

तुझी,
मेरी